मूळ कॅसेट पुसू नका

लग्नाची कॅसेट घरात आली की पहिले आठ दिवस ती रोज लागते. शेजारपाजारचे बघून जातात, गावाहून आलेली आत्या बघते, ज्यांचा चेहरा कॅसेटमध्ये आला नाही ते रुसून बसतात. मग ती कपाटात जाते. पाच-दहा वर्षांनी घरातले एखादे माणूस जाते, एखाद्या मुलीचा संसार मोडतो, एखादा नातू मोठा होऊन प्रश्न विचारू लागतो, आणि तीच कॅसेट पुन्हा बाहेर निघते. अशा वेळी माणसे आमच्या दारात येतात आणि म्हणतात, "ताई, ह्यात एवढा बदल करून द्या ना."

हा 'एवढा बदल' होऊ शकेल की नाही, हे त्या दिवशी ठरत नसते. कॅसेट पहिल्यांदा तयार झाली त्याच दिवशी ते ठरून गेलेले असते. मिक्सिंग करणाऱ्याने तेव्हा काय जपले आणि काय पुसले, यावर सगळे अवलंबून. पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे काम केल्यावर वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवण्यासारखी एवढीच एक गोष्ट माझ्यापाशी आहे. ती प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही कुर्ल्याला चाळीत राहणारी माणसे. सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा पगार घरात आला नाही. मिस्टर शाळा सोडून एका फोटो स्टुडिओत हरकाम्या म्हणून लागले आणि तिथेच कॅमेरा धरायला शिकले. नव्वदच्या दशकात खांद्यावरचा पॅनासॉनिक एम-९००० कॅमेरा भाड्याने आणून ते लग्ने, साखरपुडे, जयंतीच्या मिरवणुका शूट करू लागले. मिक्सिंगला मात्र बाहेर पैसे जात. दहावी पास बायको घरात आहे, तर तिनेच का शिकू नये, असे सासूबाईंनीच सुचवले. म्हणून दादरच्या एका लॅबमध्ये मी तीन महिने जाऊन बसले. तिथले वयस्क एडिटर फार कमी बोलत. पण जे बोलत ते पदरात बांधून ठेवावे असे असे.

त्या काळी दोन व्हीसीआर आणि मध्ये एक मिक्सर, एवढाच पसारा. एका मशीनमध्ये कॅमेऱ्याची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवा तो भाग पहिल्यावरून दुसऱ्यावर उतरवायचा, पुढचा भाग त्याच्या शेपटीला जोडायचा. असे करत तीन तासांची कॅसेट तयार व्हायची. आता समजा, गिऱ्हाईक म्हणाले, "ताई, सुरुवातीला मामांचा सत्कार राहिला, तो घाला." मध्ये घालायला जागाच नाही. एक तर तिथून पुढचे सगळे पुन्हा करायचे, नाही तर तयार कॅसेटवरूनच दुसरी नक्कल काढत मध्ये तो तुकडा बसवायचा. व्हीएचएसची नक्कल काढली की चित्र थोडे उतरते. नकलेची नक्कल काढली की आणखी उतरते. तिसऱ्या नकलेत नवरीच्या साडीचा लाल काठ पांढऱ्या पोतावर पसरलेला दिसे.

लॅबमधले एडिटर म्हणत, "ताई, तयार कॅसेट म्हणजे भाजलेली भाकरी. ती परत मळता येत नाही. ज्याला उद्या दुसरी भाकरी हवी असेल, त्याने पीठ राखावे."

पीठ म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट. पण बाजारात बहुतेक ठिकाणी काय चाले? लग्नाची कॅसेट गिऱ्हाईकाच्या हातात पडली, पैसे मिळाले, की कॅमेऱ्याची कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. कोऱ्या कॅसेटचे पैसे वाचतात. गरिबाच्या धंद्यात पैसा वाचवणे हा काही दोष नव्हे. पण त्यात काय जाते, ते मी एकदा जवळून पाहिले.

चेंबूरकडचे एक कुटुंब आमच्याकडे आले. कॅसेट दुसऱ्या कुणी तरी केलेली. मुलीच्या लग्नात तिच्या वडिलांनी माईक हातात घेऊन दहा मिनिटे भाषण केले होते. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचेच. वडील कालकथित झाले तेव्हा मुलांना तो आवाज हवा होता. कॅसेटमध्ये वडील दिसतात, ओठ हलतात, हात वर जातो, समोरची माणसे हसतात. वर मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाचे गाणे. मिक्सिंग करणाऱ्याने मूळ आवाज काढून टाकून त्या जागी गाणे भरले होते, आणि कॅमेऱ्याची कॅसेट केव्हाच दुसऱ्या लग्नाला गेली होती. आजचे संगणक गाणे आणि माणसाचा आवाज एकमेकांपासून वेगळे करून दाखवतात, हे खरे. पण वेगळा करायला आवाज त्यात असावा लागतो. जिथे तो भरलाच नाही, तिथून कोणते यंत्र काढणार? त्या घरातली थोरली मुलगी टीव्हीला कान लावून बसली होती. तिला नाही सांगणे मला फार जड गेले.

पुढे आम्ही २००२ साली कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला आणि मिनी डीव्हीचा कॅमेरा आला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट, एक तासाची. तिच्यात चित्र आकड्यांच्या रूपाने उतरते. फायरवायरच्या केबलने ते कॉम्प्युटरमध्ये घेतले किंवा दुसऱ्या कॅसेटवर उतरवले, तरी चित्र उतरत नाही. जिथे नुसती कापाकापी आहे तिथे कणाचाही फरक पडत नाही. जिथे आपण अक्षरे घातली किंवा एका चित्रातून दुसरे उमलवले, तेवढाच भाग नव्याने घडतो. व्हीएचएसच्या दिवसांतून आलेल्या आम्हाला हा मोठाच आधार वाटला.

पण अडचण दुसरीकडे होती. एक तासाची मिनी डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली की सुमारे १३ जीबी जागा खाते. एका लग्नाच्या तीन कॅसेट म्हणजे जवळजवळ ४० जीबी. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क होती ८० जीबीची. दोन लग्ने घेतली की डिस्क भरली. तिसरे घ्यायचे तर पहिले पुसायलाच हवे. मग जपायचे काय?

याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. कॉम्प्युटरवर मिक्सिंग करताना जी 'प्रोजेक्ट' नावाची फाइल तयार होते, तिच्यात चित्र नसतेच. तिच्यात फक्त नोंदी असतात. क्रमांक एकच्या कॅसेटमधला चौदाव्या मिनिटाच्या विसाव्या सेकंदापासूनचा तुकडा घ्या, त्याला दोन क्रमांकाच्या कॅसेटमधला अमुक तुकडा जोडा, इथे नाव घाला, इथे आवाज कमी करा. म्हणजे ही फाइल म्हणजे स्वयंपाकाची कृती. पीठ, तेल, मीठ डब्यात असते, कृती कागदावर असते. त्या काळी अशी फाइल बहुतेक वेळा साध्या फ्लॉपीवर मावत असे.

कॅमेरा दर सेकंदाला २५ चित्रे घेतो आणि प्रत्येक चित्रावर त्याचा नंबर टाकतो. तास, मिनिट, सेकंद आणि चित्र. याला टाइमकोड म्हणतात. प्रोजेक्ट फाइल हे नंबर लक्षात ठेवते. त्यामुळे डिस्कवरचे ४० जीबी बेलाशक पुसून टाकले, तरी पाच वर्षांनी ती छोटी फाइल उघडायची, कॉम्प्युटर विचारतो, "कॅसेट क्रमांक एक घाला." आपण घालायची. तो स्वतः कॅसेट पुढे-मागे फिरवून नेमके तेवढेच तुकडे उचलून आणतो. याला आम्ही बॅच कॅप्चर म्हणतो. सगळे काम जसेच्या तसे पुन्हा उभे राहते, आणि मग हवा तो बदल करा.

अट एकच. मूळ कॅसेट शाबूत पाहिजे आणि तिच्यावरचे नंबर सलग पाहिजेत. शूटिंग करणारा मध्येच कॅसेट मागे घेऊन बघतो, पुन्हा पुढे नेताना कोरी जागा सोडतो. तिथे कॅमेऱ्याला मागचा नंबर सापडत नाही, तो पुन्हा शून्यापासून सुरू करतो. एकाच कॅसेटवर एकाच नंबरच्या दोन जागा झाल्या की यंत्र भलतीकडेच जाते. हळदीचे मागितले तर जेवणाची पंगत आणून देते. म्हणून मिस्टर नवीन कॅसेट आदल्या रात्री कॅमेऱ्यात घालून, लेन्सवर झाकण ठेवून, तासभर नुसती काळी चालवत. नंबर एकदा सलग पडले की मग काळजी नाही. आणि कॅसेट वाचवायला एलपीवर, म्हणजे तासाच्या कॅसेटवर दीड तास, कधी शूट करायचे नाही. तसे घेतलेले दुसऱ्या कॅमेऱ्यावर नीट चालेलच याचा भरवसा नसतो.

प्रत्येक कामामागे आम्ही चार गोष्टी ठेवत असू. पहिली, कॅमेऱ्याच्या मूळ कॅसेट. त्यांची कडेची खिट्टी 'सेव्ह'कडे सरकवलेली, म्हणजे चुकूनही वर काही भरले जाणार नाही. दुसरी, तयार कामाची मास्टर कॅसेट, मिनी डीव्हीवरच. तिसरी, त्याच कामाची बिनअक्षरी प्रत. हिच्यावर नावे नाहीत, बदामाच्या आकाराच्या चौकटी नाहीत, गाणी नाहीत. फक्त जोडलेले चित्र आणि मांडवातला खरा आवाज. आणि चौथी, प्रोजेक्ट फाइलची सीडी व तिच्यासोबत वही.

बिनअक्षरी प्रतीबद्दल मला अनेकांनी हसून विचारले आहे की, हा उद्योग कशाला? तर पत्रिकेतले नाव चुकते, म्हणून. 'चि.'च्या जागी 'आयु.' हवे असते, म्हणून. आणि दहा वर्षांनी ते गाणे कुणाला नको असते, म्हणून. अक्षरे एकदा चित्रात मिसळली की त्यांच्या मागचा चेहरा परत येत नाही.

मराठी अक्षरांचे तर वेगळेच दुखणे. तेव्हा आम्ही श्रीलिपीचे फॉन्ट वापरत असू. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरमध्ये नाही, त्यात तीच फाइल उघडली की 'मंगल परिणय'च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि खुणांचा काला दिसतो. म्हणून प्रत्येक नावाचे एक चित्र करून सीडीत ठेवायचे आणि तेच नाव वहीत हाताने लिहायचे, हा माझा नियम.

वहीचे महत्त्व मला लॅबमधल्या एडिटरांनीच सांगितले होते. कॉम्प्युटरमधून सगळ्या तुकड्यांची यादी साध्या अक्षरांत काढता येते. तिला ईडीएल म्हणतात. कोणता तुकडा कुठून कुठवर, एवढीच ती यादी. ती कागदावर छापून वहीत चिकटवायची. प्रोग्राम बदलतो, कंपनी बदलते, जुनी फाइल नवा प्रोग्राम उघडेलच असे नाही. पण कागदावरचा नंबर माणसाच्या डोळ्यांना वाचता येतो. शिवाय मी माझ्या शब्दांत लिहीत असे: 'कॅसेट १, मिनिट १४, वधूची आई, गजरा बांधताना.' 'कॅसेट ३, मिनिट ४१, आजोबा, मिठाईचा पुडा.'

या वहीने एका घराला काय दिले, ते सांगते.

२००३ साली आमच्याच भागातल्या एका मुलीचे लग्न आम्ही शूट केले होते. चार वर्षांत फारकत झाली. २००८ साली तिची आई वारली. काही दिवसांनी ती आली, कडेवर मुलगा, आणि म्हणाली, "ताई, आई चालताना-बोलताना फक्त त्या कॅसेटमध्ये आहे. पण ती कॅसेट मी बघू शकत नाही. आईच्या शेजारी तो उभा असतो." तयार कॅसेटमध्ये तिची आई चार-पाच ठिकाणीच होती. एके ठिकाणी बदामात, एके ठिकाणी गाण्याखाली, बाकी जोडप्याच्या मागे.

मी वही काढली. मूळ तीन कॅसेट उतरवल्या. त्यात आई जागोजागी होती. लेकीला गजरा बांधताना, तांदूळ वाटताना, कुणाच्या तरी लेकराला पाणी पाजताना. आचाऱ्याला सांगत होती, "वरणात पाणी वाढवा, माणसं वाढली." लग्नाच्या कॅसेटमध्ये असले कोण ठेवतो? त्या दिवशी त्याला काही किंमत नव्हती, म्हणून ते मीच बाजूला काढले होते, आणि तेच बरोबर होते. लग्नाची कॅसेट लग्नाचीच असायला हवी. पण बाजूला काढलेले टाकून दिले नव्हते, एवढाच मुद्दा. २२ मिनिटे निघाली. मुलगी माझ्या शेजारी स्टुलावर बसून होती. वरणाचे वाक्य तिने चार वेळा लावायला सांगितले.

काम झाल्यावर ती म्हणाली, "आता ते लग्नाचं सगळं पुसून टाका." तिचा राग मला कळत होता. लग्न तिचे, दुःखही तिचेच. मी तिला एवढेच म्हटले, "बाई, आज नको. सहा महिन्यांनी सांग, तुझ्यासमोर पुसते." सहा महिन्यांनी तिने काही सांगितले नाही. पुढच्या वर्षी मीच विचारले तेव्हा म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच."

२०१९ साली तिने आपल्या मुलाला माझ्याकडे पाठवले. पंधरा वर्षांचा, ओठावर मिसरूड फुटलेले. खाली बघत म्हणाला, "मावशी, आई म्हणाली, पप्पा कसे दिसतात ते तुमच्याकडे बघायला मिळेल." मी मास्टर कॅसेट लावली. तो काही बोलला नाही. उठताना भिंतीवरच्या आरशात त्याने स्वतःकडे एकदा बघून घेतले.

बदल करणे म्हणजे जुने पुसणे नव्हे, हे मला त्या मुलाने शिकवले. आईसाठी एक प्रत, मुलासाठी दुसरी. दोन्ही खऱ्या. दोन्ही एकाच मूळ कॅसेटमधून निघालेल्या. घरातल्या माणसांना कोणत्या वर्षी कोणती प्रत लागेल, हे आज कोण सांगू शकतो?

आता २६ जुलै २००५ ची गोष्ट. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी कुर्ल्यात शिरली. आमच्या खोलीत छातीइतके पाणी. कॉम्प्युटर, दोन्ही व्हीसीआर, टीव्ही, सगळे चिखलात. कॅसेट मात्र पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत होत्या. तिथवर पाणी पोहोचले नाही. सीडींचा एक संच नाशिकला बहिणीकडे असे; दर दोन महिन्यांनी कुणी जाणारे-येणारे असले की पाठवायचे. एका लग्नाचे काम तेव्हा अर्धे झाले होते. हार्डडिस्क गेली, पण रोज संध्याकाळी प्रोजेक्ट सीडीवर घेण्याची सवय होती. दिवाळीनंतर उधारीवर दुसरा कॉम्प्युटर आणला, सीडी घातली, कॅसेट घातल्या, आणि चार दिवसांत काम जिथे थांबले होते तिथे येऊन उभे राहिले. त्या पावसात वस्तीतल्या किती घरांचे अल्बम आणि कॅसेट वाहून गेल्या, त्याला मोजदाद नाही. लोक भिजलेल्या कॅसेट घेऊन येत. त्यांना सांगावे लागे, ही तशीच मशीनमध्ये घालू नका, कॅसेटही जाईल आणि मशीनही.

हे झाले आमच्यासारख्या लहान माणसांचे. मोठमोठ्यांनाही हाच धडा मिळाला आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या चित्रणाच्या मूळ टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने २००९ साली जाहीर केले. टीव्हीवर दाखवलेल्या प्रती तेवढ्या उरल्या. याउलट अमेरिकेतली 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका पाहा. १९८७ ते १९९४ अशी सात वर्षे ती चालली. तिचे शूटिंग फिल्मवर होई, पण जोडकाम व्हिडिओ टेपवर. पुढे टीव्ही मोठे आणि स्पष्ट झाले तेव्हा ती तयार टेप धूसर दिसू लागली. पण मूळ फिल्म कंपनीने राखली होती. २०१२ पासून ती मालिका मूळ फिल्मवरून पुन्हा, तुकडा तुकडा जुळवून, नव्याने उभी केली गेली. तयार माल जुना झाला, कच्चा माल कामी आला.

आणि आपल्या समाजाला तर हे कुणी वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांचे चालते-बोलते चित्रण किती थोडे आपल्या हाती आले! ७ डिसेंबर १९५६ च्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले, म्हणून पुढच्या पिढ्यांना तो जनसागर पाहता आला. आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात शाहीर विलास घोगरे यांना गाताना टिपले होते. १९९७ साली रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली आणि काही दिवसांतच घोगरेही गेले. पटवर्धन यांच्या २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये तेच शाहीर पुन्हा गाताना दिसतात. एका कामासाठी घेतलेले चित्र पंचवीस वर्षांनी दुसऱ्या, अधिक मोठ्या कामाला आले. जपले नसते तर?

प्रत्येक वस्तीत असे काही तरी पोटमाळ्यावर पडून आहे. विहाराच्या पायाभरणीचे, जयंतीच्या नाटकाचे, १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेल्या एखाद्या आजोबांच्या भाषणाचे. मंडळाने त्यातले चार मिनिटे कॅसेटमध्ये ठेवले असेल. बाकीचे छत्तीस मिनिटे मूळ कॅसेटमध्ये आहेत, ती कुणी पुसली नसेल तर.

घाई करण्याचे कारण आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी फुनाई. तिने २०१६ साली ते काम बंद केले. मिनी डीव्हीचे नवे कॅमेरे येत नाहीत. नव्या कॉम्प्युटरला फायरवायरचे तोंडच नसते. कॅसेट चांगली आहे पण चालवायला मशीन नाही, अशी वेळ अनेक घरांवर आली आहे. त्यात मुंबई-कोकणची दमट हवा. व्हीएचएसच्या चाकावर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका; तिची बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

कॅसेट उतरवून घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगा की, मोबाइलपुरती लहान फाइल नको, पूर्ण दर्जाची द्या. मिनी डीव्ही असेल तर जशीच्या तशी डीव्ही फाइल मागा. तासाला १३ जीबी, म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये सुमारे ७५ तास मावतात. अख्ख्या चाळीची लग्ने बसतील. अशा डिस्क दोन घ्या आणि दोन वेगळ्या घरी ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत म्हणजे जपणूक नव्हे. ती आकसलेली असते. आणि उतरवून झाले तरी मूळ कॅसेट फेकू नका. शेवटपर्यंत मागे फिरवून, उभी, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब ठेवा.

मोठ्या कंपन्या आजही टेपच वापरतात. तिला एलटीओ म्हणतात. आठव्या पिढीच्या एका टेपमध्ये १२ टीबी, नवव्या पिढीच्या टेपमध्ये १८ टीबी मावते. पण यंत्राची किंमत लाखांत, आणि नवव्या पिढीचे यंत्र फक्त आठव्या पिढीपर्यंतचीच जुनी टेप वाचते. म्हणजे टेप कितीही टिकाऊ असली तरी दर काही वर्षांनी नवीवर उतरवावीच लागते. जपणूक ही एकदा करून विसरायची गोष्ट नव्हे, रोजच्या झाडलोटीसारखी ती करत राहावी लागते.

आता ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. आजकाल कॅसेट नाही, कार्डावर शूटिंग होते, आणि कार्ड दुसऱ्या दिवशी पुसले जाते. पैसे ठरवतानाच व्हिडिओवाल्या दादांना सांगा: कार्डावरचे सगळे कच्चे शूटिंग आम्हाला आमच्या डिस्कवर द्या. तयार फिल्मची एक प्रत नावांशिवाय आणि गाण्यांशिवाय द्या. प्रोजेक्ट फाइलही द्या. काही जण कुरकुर करतील, काही जण थोडे जास्त पैसे मागतील. जेवणावळीत एक पदार्थ कमी करा, पण हे घ्या. मग घरातल्या ज्या मुलीचे अक्षर चांगले आहे तिला एक वही द्या आणि कुठल्या फाइलमध्ये कोण आहे, काय बोलत आहे, ते तिच्याकडून लिहून घ्या. आजीला शेजारी बसवा, म्हणजे गावाकडच्या माणसांची नावे विचारता येतील. आजी आहे तोवरच ती नावे मिळणार आहेत.

जयभीम.